ओटी नोट ते क्लेम: खान्देशातल्या सर्जनसाठी बिलिंग आणि कोडिंग

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात क्लेमसाठी वेगळा विभाग असतो आणि कोडिंग, म्हणजे आजाराला आणि ऑपरेशनला ठरलेले कोड लावणं, शिकलेली माणसं असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, शिरपूर, चाळीसगाव इथल्या वीस-पंचवीस खाटांच्या सर्जिकल हॉस्पिटलात हे सगळं काउंटरवरचा एकच मुलगा सांभाळतो. ॲडमिशन त्याच्याकडे, प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी) त्याच्याकडे, बिल त्याच्याकडे, आणि क्लेम अडकला की बोलणी खायचीही त्यालाच. बरेचदा दोष त्याचा नसतो. पित्ताशयाला सूज होती की नुसते खडे, जाळी बसवली की नाही, बाजू डावी की उजवी, हे त्याला कागदावरूनच कळणार. आणि कागदावर, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदीत (ओटी नोटमध्ये), असतं काय, तर ‘लॅप कोली डन अंडर जीए’, म्हणजे पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने पित्ताशय काढलं, एवढी एक ओळ.

म्हणून हा लेख काउंटरसाठी जितका आहे, त्याहून जास्त डॉक्टरांसाठी आहे: जनरल सर्जन, हाडांचे, मूत्ररोगाचे, डोळ्यांचे, एंडोस्कोपी करणारे. सर्जनने जे लिहिलं नाही ते काउंटरवरचा माणूस नंतर भरून काढू शकत नाही, आणि त्याने तसं भरूही नये.

पैसे कोण देणार, हे दाखल करतानाच ठरवा

आपल्याकडे एकाच दिवशी चार प्रकारचे पेशंट येतात. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतचे, कंपनी विम्याच्या कॅशलेसचे, रोख भरून नंतर विम्याकडे मागणारे, आणि नोकरीमुळे वेगळी सोय असलेले. या शेवटच्या गटात भुसावळचे रेल्वेवाले, आयुध निर्माणीतले कर्मचारी, माजी सैनिक असे बरेच जण येतात. प्रत्येकाचे दर, फॉर्म आणि मंजुरीची वाट वेगळी असते. आधी रोखीचं ॲडमिशन करून दुसऱ्या दिवशी ‘साहेब, माझ्याकडे कार्ड आहे’ असं निघालं, की पुढचं सगळं वाकडं होत जातं. दाखल करताना ‘विमा आहे का, योजनेचं कार्ड आहे का, घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का’ हे तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या आणि खाली नातेवाइकाची सही घ्या.

सीमेचा मुद्दाही लक्षात ठेवा. रावेर-यावलच्या बाजूला बऱ्हाणपूरचे, शिरपूरला सेंधव्याचे पेशंट नेहमीचे. त्यांचं आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशातलं असतं, त्यामुळे केस पोर्टेबिलिटीखाली, म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात वापरण्याच्या सोयीखाली, नोंदवावी लागते. नवापूर-नंदुरबारकडचे अनेक जण सुरतेत कामाला असतात. त्यांची पॉलिसी कंपनीने काढून दिलेली असते आणि नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं निघतं. तो फरक पहिल्याच दिवशी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेला, मेलने कळवा. डिस्चार्जच्या दिवशी तो दुरुस्त होत नाही.

हिस्टरी: इथेच निम्मे क्लेम मरतात

पेशंट सांगतो, ‘पोटमा दुखस.’ कधीपासून? ‘भलता दिन व्हई ग्यात.’ आता हे ‘भलता दिन’ म्हणजे आठ दिवस की तीन वर्षं? रात्रपाळीचा आरएमओ (निवासी डॉक्टर) बाहेरगावचा असला तर तो इंग्रजीत ‘बऱ्याच काळापासून’ अशा अर्थाचे शब्द लिहून मोकळा होतो. टीपीएचा डॉक्टर त्या शब्दांवर बोट ठेवून क्लेम पूर्वीपासूनच्या आजारात ढकलतो.

यावर उपाय म्हणजे खोटी तारीख टाकणं नव्हे. नीट विचारणं. पोळ्याच्या आधी दुखत होतं का? कापूस वेचणी चालू होती तेव्हा? पहिल्यांदा कोणत्या डॉक्टरला दाखवलं, सोनोग्राफी कधी झाली? खेड्यातल्या माणसाला तारीख आठवत नाही, पण हंगाम आणि सण आठवतात. त्यावरून महिने काढा आणि तेच लिहा. ब्लडप्रेशर, साखर यांचंही तसंच. ‘बीपी आहे’ एवढ्याने भागत नाही. किती वर्षांपासून, गोळी कोणती, सध्या नियमित आहे की बंद, हे लिहा. आणि एकदा लिहिलेली हिस्टरी खोडू नका. बदल हवाच असेल तर तारीख-वेळ टाकून खाली नवी नोंद करा आणि सही करा. खाडाखोड केलेला केसपेपर क्लेममध्येही मार खातो आणि कोर्टातही.

अपघात असेल तर याच टप्प्यावर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, निर्णय घ्या. विम्याच्या क्लेम फॉर्मच्या भाग ‘ब’मध्ये, म्हणजे हॉस्पिटलने भरायच्या भागात, इजा कशी झाली, दारूचा संबंध होता का, पोलिसांना कळवलं का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. थ्रेशरमध्ये हात गेलेला माणूस आला तर ‘हाताला जखम’ एवढ्यावर थांबू नका. यंत्र कोणतं, कुठे, किती वाजता, तेही लिहा. आयसीडीत, म्हणजे आजार आणि इजांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, शेती यंत्राच्या इजेला डब्ल्यू३० हा स्वतंत्र कोड आहे. तो लावला की ‘इजा कशी झाली’ ही विमा कंपनीची क्वेरी (विचारणा) बहुतेक वेळा येतच नाही.

निदानाचा कोड

भाग ‘ब’मध्ये दोन प्रकारचे कोड मागितले जातात. निदानासाठी आयसीडी-१० आणि शस्त्रक्रियेसाठी आयसीडी-१०-पीसीएस. अमेरिकेच्या कामासाठी कोडिंग शिकून आलेली मुलं आता आपल्या भागातही भेटतात. त्यांच्या हातात सीपीटीचे पाच अंकी आकडे बसलेले असतात, उदाहरणार्थ लॅप कोलीसाठी ४७५६२. ते आकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे आणि तिकडच्या बिलांचे. आपल्या फॉर्मच्या रकान्यात ते टाकू नयेत.

आयसीडी-१० च्या दोन आवृत्त्या फिरत असतात, जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आणि अमेरिकेने वाढवलेली. अमेरिकन कोडमध्ये आकडे जास्त असतात आणि पुष्कळ ठिकाणी डावं-उजवंही कोडमध्येच येतं. पोर्टलच्या यादीत जी आवृत्ती आहे तीच वापरा, एका फॉर्मवर दोन्हींची सरमिसळ करू नका. मूळ आवृत्ती बहुतेक वेळा बाजू सांगत नाही, तेव्हा निदानाच्या शब्दांत ‘उजवा’ किंवा ‘डावा’ आलाच पाहिजे.

नेमकेपणाने काय फरक पडतो ते पित्ताशयावरून पाहा. तीव्र सुजेसह खडे म्हणजे के८०.०, दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा जुन्या सुजेसह के८०.१, सूज नसलेले नुसते खडे के८०.२. रात्री इमर्जन्सीत घेतलेल्या पेशंटला के८०.२ लावला, की समोरून विचारणा होते, ‘घाई काय होती?’ उलट, ठरवून केलेल्या ऑपरेशनला के८०.० लावला आणि हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीत, जुनी सूज निघाली, तर ते फुगवलेलं कोडिंग ठरतं. ताप, पांढऱ्या पेशी, सोनोग्राफीतली भिंतीची जाडी, ऑपरेशनमध्ये दिसलेलं, हे सगळं ज्या बाजूला बोट दाखवतं तो कोड घ्या.

मुतखडा तर आपल्या उन्हाळ्याचा पाहुणाच. किडनीत खडा एन२०.०, मूत्रनलिकेत एन२०.१, दोन्हीकडे एन२०.२. पण खड्याने अडथळा होऊन किडनी फुगली असेल तर कोड एन१३.२ होतो, त्यात संसर्ग असेल तर एन१३.६. सोनोग्राफीत हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे किडनी फुगल्याचं, स्पष्ट लिहिलेलं असताना एन२०.१ लावून मोकळं होणारे मी खूप पाहिलेत. मग ‘औषधाने वाट का पाहिली नाही’ अशी क्वेरी आली की तेच चिडतात. ऑपरेशनची गरज ज्या गोष्टीमुळे पडली, ती कोडमध्ये दिसायला हवी.

जांघेतला हर्निया अडकला होता का? एका बाजूचा न अडकलेला के४०.९, अडकलेला पण गँगरीन नसलेला के४०.३. मूळव्याधीत डिग्री लिहा, तिसरी के६४.२, चौथी के६४.३. अपेंडिक्समध्ये पोटभर पू होता की जागेपुरता, त्यावर के३५.२ किंवा के३५.३ ठरतो.

सातपुड्याच्या पट्ट्यातून, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून येणाऱ्या पेशंटमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरू नका. तरुण माणसाचा खुबा झिजलेला आहे, सांधा बदलायचा आहे, आणि फॉर्मवर फक्त खुब्याचं निदान आहे. समोरचा विचारणारच, तिशीतल्या माणसाला हे कशामुळे? मूळ आवृत्तीत आधी सिकलसेलचा कोड येतो, क्रायसिस (आजाराचा तीव्र झटका) नसेल तर डी५७.१. मग त्याच्यामुळे झालेल्या हाडाच्या झिजेचा एम९०.४. आधी कारण, मग परिणाम. डी५७.३ म्हणजे फक्त वाहक, तो इथे चुकून लावू नका. रक्ताचा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट सोबत जोडा.

ओटी नोट

आता मुख्य काम. पीसीएसचा कोड सात अक्षरांचा असतो आणि प्रत्येक जागेला अर्थ असतो: विभाग, शरीराची संस्था, केलेली क्रिया, नेमका अवयव, कोणत्या मार्गाने, आत काय ठेवलं, आणि शेवटी जादा खुलासा. दुर्बिणीने पूर्ण पित्ताशय काढलं तर ०एफटी४४झेडझेड. पोट उघडून काढलं तर फक्त पाचवं अक्षर बदलतं, ०एफटी४०झेडझेड. याचा अर्थ सरळ आहे. या सात प्रश्नांपैकी एकाचं उत्तर जरी नोटमध्ये नसलं, तरी कोड अंदाजाने लावला जाणार.

म्हणून ओटी नोट लिहिताना पुढच्या गोष्टी सवयीच्या करा.

बाजू प्रत्येक वेळी शब्दात लिहा. मोतीबिंदूत उजव्या डोळ्याचा कोड ०८आरजे३जेझेड आणि डाव्याचा ०८आरके३जेझेड. फरक एका अक्षराचा. सहा महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचा क्लेम जातो आणि आधीच्या वेळी अक्षर चुकलेलं असतं, तेव्हा संगणक सांगतो की या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

अवयव पूर्ण काढला की थोडा? पीसीएसमध्ये या दोन वेगळ्या क्रिया आहेत, टी आणि बी. तुकडा तपासणीसाठी घेतला असेल तर शेवटी एक्स येतो. एंडोस्कोपी करणाऱ्यांनी ‘बायोप्सी घेतली’ आणि ‘पॉलिप पूर्ण काढला’ हे वेगवेगळं लिहायलाच हवं.

आत काय ठेवलं? हर्नियात जाळी घातली तर क्रियेचं अक्षर यू, नुसते टाके घेतले तर क्यू. खुबा-गुडघा बदलताना सिमेंट वापरलं की नाही, त्यावर शेवटचं अक्षर ठरतं. जाळी, लेन्स, स्टेंट, इम्प्लांट यांचं स्टिकर ओटी नोटच्याच कागदावर चिकटवा. वेगळ्या फाइलमधलं स्टिकर हमखास हरवतं.

खड्याचं काय केलं? फोडून तुकडे बाहेर काढले की फोडून आतच सोडले? दोन्ही क्रिया वेगळ्या मोजल्या जातात. फोडून काढले असतील तर फक्त काढण्याचाच कोड लावायचा, फोडण्याचा वेगळा नाही. डीजे स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची नळी) घातला असेल तर बाजू आणि तो कधी काढायचा, हे डिस्चार्ज कार्डावरही आलं पाहिजे.

दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं तर लपवू नका. का उघडलं ते दोन ओळीत लिहा: चिकटलेलं होतं, रक्तस्राव होता, रचना ओळखू येत नव्हती. पीसीएसमध्ये अशा वेळी उघड्या ऑपरेशनचा कोड लागतो आणि दुर्बिणीच्या भागाला फक्त तपासणीचा. काउंटरने तातडीने सुधारित प्रीऑथ टाकावी, कारण मंजुरी एका ऑपरेशनची आणि बिल दुसऱ्याचं असं झालं की फाइल थांबलीच म्हणून समजा.

नोट त्याच दिवशी, सुरू-समाप्तीच्या वेळेसह, भूल कोणती आणि कोणी दिली हे लिहून, सही-शिक्क्यानिशी पूर्ण करा. ओटी रजिस्टर, भूलतज्ज्ञाची नोंद आणि नर्सिंग चार्ट या तिन्हीतल्या वेळा जुळल्या पाहिजेत. तपासनीस पहिल्यांदा तेच पाहतो.

पॉलिसी वाचा, निदान दोन पानं तरी

मूळव्याध, हर्निया, मोतीबिंदू, खडे, सांधेबदल यांना बहुतेक पॉलिसींमध्ये प्रतीक्षाकाल असतो, सध्याच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने. नकाराच्या पत्रात वगळणुकीचा कोड असतो, तो वाचायला शिका. ०१ म्हणजे पूर्वीपासूनचा आजार, ०२ म्हणजे ठरावीक आजाराचा प्रतीक्षाकाल, ०३ म्हणजे पॉलिसीचे पहिले ३० दिवस, ०४ म्हणजे केवळ तपासणीसाठीचं ॲडमिशन. नुसत्या गॅस्ट्रोस्कोपीसाठी दाखल केलेला पेशंट ०४ मध्ये अडकणारच. पेशंटला ते आधीच सांगा.

आरोग्य संजीवनी पॉलिसीत मोतीबिंदूला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते, दर डोळ्यामागे मिळतं, आणि मंजूर रकमेतले ५ टक्के पेशंटने भरायचे असतात. प्रोस्टेटचं होल्मियम लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत येतात, आणि त्या यादीला अनेक पॉलिसींत निम्म्या विमा रकमेची मर्यादा असते. हे डिस्चार्जला कळलं की भांडण होतं.

बिल

खोलीभाड्याची मर्यादा हा सगळ्यात मोठा खड्डा. समजा मर्यादा दिवसाला ३,००० आहे आणि पेशंटने ४,५०० ची खोली घेतली. कपात फक्त खोलीवर होत नाही, सर्जनची फी, भूल, ओटी यांवरही त्याच प्रमाणात होते. ४५,००० च्या फीचे ३०,००० मंजूर होतात, उरलेले पेशंटच्या अंगावर. मात्र औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर ही कपात लावता येत नाही. तुमच्याकडे सगळ्या खोल्यांना ओटी आणि फीचे दर एकच असतील, तर बाकीच्यावरही ती लागू होत नाही. दरपत्रक छापील ठेवा आणि कपात झाली तर तेच जोडून दाद मागा. छोट्या हॉस्पिटलांना या नियमाचा फायदा होतो, पण तो मागायला कोणी जात नाही.

विम्यातून वेगळे पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या चार याद्या असतात. पहिलीतल्या वस्तू पेशंटच्या खिशातून जातात, बाकी तीनमधल्या खोलीभाड्यात, ऑपरेशनच्या दरात किंवा उपचाराच्या खर्चात धरलेल्या असतात. हातमोजे, कापूस, ड्रेसिंग असं सुटं लिहून बिल लांबवलं तर कपातीची यादी तेवढीच लांबते. ऑपरेशनचे तुकडे करून लावणंही तसंच. सांधा बदलताना पेशंटचा मूळचा सांधा काढणं, किंवा शेवटी जखम शिवणं, हे मूळ क्रियेतच धरलेलं असतं.

हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर बिलात वेगळे दाखवा, खरेदीचं इन्व्हॉइस जोडा. आयसीयू वगळता दिवसाला ५,००० च्या वरची खोली असेल तर तिच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, हेही सॉफ्टवेअरमध्ये एकदा बसवून टाका.

योजनेच्या केसेस

राज्याची ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. त्यामुळे धुळ्याच्या जुन्या हॉस्पिटलांना तिची सवय आहे. इथे सुटं बिल चालत नाही, पॅकेज, म्हणजे ऑपरेशनचा एकरकमी ठरलेला दर, चालतं. आधी पोर्टलवरच्या चालू यादीत आपली शस्त्रक्रिया शोधा, ती खासगी हॉस्पिटलला खुली आहे की सरकारीसाठी राखीव आहे ते पाहा, मग आरोग्यमित्रामार्फत, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या प्रतिनिधीमार्फत, प्रीऑथ टाका. लागणारे फोटो आणि रिपोर्ट पॅकेजसमोरच दिलेले असतात, तेवढे आणि तसेच हवेत. एकाच वेळी दोन-तीन ऑपरेशनं केली तर आयुष्मान भारतच्या नियमात सर्वांत मोठ्या पॅकेजचे पूर्ण, दुसऱ्याचे निम्मे, तिसऱ्याचे पाव मिळतात. पॅकेजमध्ये बसलेल्या कशाचेही पैसे पेशंटकडून घेऊ नका, औषधाची चिठ्ठी बाहेर पाठवणंही त्यातच आलं. डीजे स्टेंट काढणं पॅकेजमध्ये धरलंय का, तेही आधीच पाहून ठेवा.

डिस्चार्ज आणि त्यानंतर

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. घड्याळ तुम्ही विनंती पाठवल्यापासून चालू होतं, म्हणून पाठवल्याच्या वेळेचा मेल जपून ठेवा. उशीर झाला आणि त्यामुळे खोलीभाडं वाढलं, तर ते विमा कंपनीच्या माथी असतं. अट एवढीच की तुमची फाइल पूर्ण असावी. राउंड झाल्यावर डिस्चार्ज कार्ड टाइप व्हायलाच दुपार होत असेल, तर दोष टीपीएला देऊन उपयोग नाही. कार्ड आदल्या संध्याकाळी तयार ठेवा. पाठवण्याआधी निदान, बाजू, ऑपरेशनचं नाव आणि तारखा या प्रीऑथ, ओटी नोट, डिस्चार्ज कार्ड आणि बिल या चारही कागदांवर शब्दाला शब्द जुळतात का, ते दोघांनी वाचून पाहा.

क्वेरीला उत्तर देताना फक्त विचारलेलंच द्या आणि ते डॉक्टरने स्वतः लिहावं. ‘विथ रिस्पेक्ट टू युअर क्वेरी’ने सुरू होणारं, सगळ्या केसेसना एकच चालवलेलं पत्र समोरचा ओळखतो.

पैसे आल्यावर काम संपत नाही. एक साधी वही किंवा एक्सेल करा: पेशंट, कंपनी, मागितलेली रक्कम, आलेली रक्कम, कपातीचं कारण, कापलेला टीडीएस. टीडीएस आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसतो का, हे दर तिमाहीला ताडून पाहा, नाहीतर तो पैसा तसाच राहतो. कपातीची कारणं महिनाअखेरीला सर्जनसमोर ठेवा. हिस्टरीवरून कपात जास्त असेल तर आरएमओला बसवून शिकवा, खोलीवरून असेल तर ॲडमिशनचा फॉर्म बदला, आणि ‘प्रोसिजर नॉट सपोर्टेड बाय नोट्स’ असं दोनदा दिसलं तर पुढच्या ऑपरेशनपासून नोट डॉक्टरने ओटीतच पूर्ण करायची.